चहावरचा तीन पेन्सचा कर आणि आठ वर्षांचं युद्ध: अमेरिका ब्रिटनपासून तुटली कशी

न्यूयॉर्कमधे १७७० साली ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा एक भलामोठा पुतळा उभा राहिला, घोड्यावर बसलेला, शिशाचा, वरून सोन्याचा मुलामा. लोकांनी तो खुशीने उभारला होता, कारण लंडनने काही वर्षांपूर्वी एक नावडता कर मागे घेतला होता आणि त्याचे आभार मानायचे होते. मग ९ जुलै १७७६ ला त्याच शहरात लोकांनी आणि सैनिकांनी दोर लावून तो पुतळा खाली ओढला, तुकडे केले आणि बरंचसं शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या पाडल्या, राजाच्याच सैन्यावर झाडायला. मधे गेली फक्त सहा वर्षं.

आपल्याकडे शाळेत हा विषय चार ओळीत उरकतो, इंग्रजांनी कर लावले, लोकांनी चहा समुद्रात फेकला, युद्ध झालं, अमेरिका स्वतंत्र झाली. पण यात मधलं सगळं गळून जातं. कर तर जगातले सगळेच राजे लावत होते, लोक चिडायचे, दंगे व्हायचे, चार जणांना फाशी व्हायची आणि परत सगळं शांत. इथे ते शांत का झालं नाही हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, करामुळे भांडण सुरू झालं, पण ते भांडण चालवायला लोकांनी गावोगाव ज्या समित्या उभ्या केल्या त्यांनी हळूहळू सरकारचीच जागा घेतली, आणि एका जागी दोन सरकारं फार काळ राहू शकत नाहीत.

आता पहिल्यापासून बघू. १७५६ ते १७६३ ब्रिटन आणि फ्रान्समधे सप्तवार्षिक युद्ध झालं (अमेरिकेत तर लढाया १७५४ पासूनच चालू होत्या). ब्रिटन जिंकलं, कॅनडा मिळाला, पण जिंकण्याचा खर्च प्रचंड होता. ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज सात-साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या आसपास गेलं आणि दरवर्षीच्या उत्पन्नातला निम्म्याहून मोठा वाटा नुसत्या व्याजात जायला लागला. वर नवीन मिळालेला मुलूख सांभाळायला अमेरिकेत दहा हजार सैनिक ठेवायचं ठरलं. त्यांचा खर्च कोण देणार? लंडनमधल्या मंत्र्यांचं म्हणणं होतं की हे युद्ध अमेरिकेतल्या आपल्या १३ वसाहतींच्या रक्षणासाठी पण झालं, तर थोडा भार त्यांनीही उचलावा. ऐकायला हे अजिबात चुकीचं वाटत नाही, आणि खरं म्हणजे ब्रिटनमधला सामान्य माणूस तेव्हा अमेरिकेतल्या माणसाच्या कितीतरी पट जास्त कर भरत होता. म्हणजे अमेरिकेतले लोक करांनी पिचून गेले म्हणून उठले असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

मग राग कशाचा? त्यासाठी या १३ वसाहती कशा चालायच्या ते माहीत पाहिजे. प्रत्येक वसाहतीत लोकांनी निवडलेली एक विधानसभा होती (मत द्यायचा हक्क अर्थात जमीनजुमला असलेल्या पुरुषांनाच होता), आणि कर किती लावायचा, कशावर लावायचा हे ती विधानसभा ठरवायची. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजाचा माणूस, पण त्याचा पगार मंजूर करणार विधानसभा, त्यामुळे गव्हर्नर फार उड्या मारायला लागला की त्याचा पगार अडवता यायचा. दीडशे वर्षं लंडनने या कारभारात फारसं लक्ष घातलंच नव्हतं. व्यापारावर जकात होती पण तस्करी सर्रास चालायची आणि जकात अधिकारी डोळेझाक करायचे. अशा लोकांना अचानक १७६४ मधे साखरेचा कायदा आला. यात मळीवरची जकात गॅलनला ६ पेन्सवरून ३ पेन्स केली, म्हणजे चक्क निम्मी, पण ती आता खरंच वसूल करणार होते. आपल्याकडे साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या लोकांना मळी म्हणजे काय आणि त्यापासून दारू कशी होते हे सांगायला नको, बोस्टनच्या बाजूचा रमचा सगळा धंदा या मळीवर उभा होता. आणि तस्करीचे खटले आता आरमारी न्यायालयात चालणार होते जिथे ज्युरी नसते, म्हणजे गावातले ओळखीचे बारा लोक बसून तुम्हाला सोडून देतील ही सोय गेली.

पण खरा भडका उडाला तो १७६५ च्या स्टॅम्प कायद्याने. स्टॅम्प पेपर आपल्याला नवीन नाही, भाडेकरार करा नाहीतर प्रतिज्ञापत्र, आधी स्टॅम्प पेपर आणा. तसंच समजा, फक्त इथे वर्तमानपत्रं, पंचांगासारखी वार्षिकं, कोर्टाचे कागद, पदवीचं सर्टिफिकेट, दारूचं लायसन्स, अगदी खेळायचे पत्ते आणि फासेसुद्धा त्यात होते. ब्रिटनमधे असा कर १६९४ पासून होताच, त्यामुळे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलला यात काही वावगं दिसलं नाही. पण तो कर पडला कोणावर बघा, वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि दारूच्या दुकानांचे मालक. समाजातले सगळ्यात जास्त बोलणारे आणि लिहिणारे हेच लोक, आणि गावातल्या सगळ्या चर्चा तर दारूच्या दुकानातच व्हायच्या. यांना एकाच वेळी दुखवणं हा माझ्या मते ग्रेनव्हिलचा फार मोठा अविचार होता.

याच वेळी ती प्रसिद्ध घोषणा रुळली, प्रतिनिधित्व नाही तर कर नाही. मुद्दा सोपा होता, इंग्लंडमधे जुनी परंपरा आहे की लोकांच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय कर लावता येत नाही, पार्लमेंटमधे आमचा एकही माणूस नाही, मग पार्लमेंट आमच्यावर कर कसा लावणार? लंडनचं उत्तर होतं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहरांनाही स्वतःचा खासदार नाही, पण पार्लमेंट सगळ्याच प्रजेच्या वतीने विचार करतं, तसंच तुमच्याही वतीने करतं. अमेरिकेत हे कोणालाच पटलं नाही आणि पटण्यासारखं नव्हतंच, कारण मँचेस्टरवर कर लागला की तो खासदाराच्या स्वतःच्या खिशातूनही जायचा, अमेरिकेवर लागला तर उलट त्याचा स्वतःचा बोजा कमी व्हायचा. आम्हाला पार्लमेंटमधे जागा द्या ही मात्र वसाहतींची खरी मागणी कधीच नव्हती, तीन हजार मैलांवर दोन-चार खासदार पाठवून काय होणार होतं, त्यांना हवं होतं की कर आमच्या विधानसभेनेच लावावा.

१४ ऑगस्ट १७६५ ला बोस्टनमधे एका मोठ्या एल्म झाडाला अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा लटकवला गेला. हा माणूस तिथे स्टॅम्प विकणारा अधिकारी नेमला गेला होता. संध्याकाळपर्यंत जमावाने त्याचं ऑफिस म्हणून बांधलेली इमारत पाडली, घरात घुसून नासधूस केली, आणि त्याने काम सोडतो म्हणून जाहीर केलं. बारा दिवसांनी उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर लुटून पार उद्ध्वस्त केलं, आणि हचिन्सन मनातून या कायद्याच्या विरोधात होता हे विशेष. मग हीच युक्ती बाकीच्या वसाहतीत पसरली आणि १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायच्या आत जवळपास सगळ्या स्टॅम्प अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. विकणाराच नाही तर स्टॅम्प कोण विकणार! त्याच ऑक्टोबरमधे न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण तोपर्यंत या वसाहती एकमेकींशी फारशा बोलायच्याही नाहीत, प्रत्येकीचं तोंड लंडनकडे.

पण लंडनला खरं दुखलं ते बहिष्काराने. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल मागवणं बंद केलं आणि मग लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूलचे व्यापारीच पार्लमेंटकडे धावले की कायदा मागे घ्या. फेब्रुवारी १७६६ मधे लंडनमधे वसाहतींची बाजू मांडणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनला पार्लमेंटपुढे बोलावून प्रश्न विचारले, त्यात एकाने विचारलं की अमेरिकनांना पूर्वी कशाचा अभिमान असायचा, तो म्हणाला ब्रिटनच्या फॅशनचा आणि मालाचा. आणि आता? आता नवीन कपडे स्वतः बनवता येईपर्यंत जुनेच परत घालण्याचा. मार्चमधे कायदा रद्द झाला, अमेरिकेत दिवाळी झाली, आणि वर सांगितलेला तो पुतळा याच आनंदात मंजूर झाला.

इथेच हे संपायला हवं होतं. पण रद्द करताना पार्लमेंटने त्याच दिवशी दुसरा एक कायदा केला, की वसाहतींसाठी कुठल्याही आणि सर्व बाबतीत कायदे करायचा अधिकार आम्हाला आहे. पैसे सोडले पण अधिकार सोडला नाही. आनंदाच्या भरात अमेरिकेत याकडे फार कोणी लक्ष दिलं नाही, पण पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. इथून पुढे लंडनला कर लावायचाच होता तो अधिकार आहे हे दाखवायला, आणि अमेरिकेला तो भरायचा नव्हता तो अधिकार नाही हे दाखवायला, रक्कम किती हा मुद्दा दोन्हीकडून मागे पडला.

१७६७ मधे अर्थमंत्री चार्ल्स टाऊनशेंडने काच, शिसं, कागद, रंग आणि चहा यांच्यावर आयात जकात लावली. त्याचा हिशोब असा की वसाहतींना आतले कर नको आहेत ना, मग बंदरावरची जकात चालेल. यात एक कलम असं होतं ज्याची चर्चा आपल्याकडे कमी होते, या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. म्हणजे वर म्हटलं तो विधानसभेच्या हातातला लगाम गेला. परत बहिष्कार सुरू झाला आणि या वेळी जास्त पद्धतशीर, कोण माल मागवतो त्याची नावं वर्तमानपत्रात छापायची, त्याच्या दुकानासमोर पाटी लावायची. बायका एकत्र बसून सूत कातायला लागल्या, घरचं जाडंभरडं कापड घालणं ही देशाभिमानाची खूण झाली, वाचताना आपल्याला खादी आठवतेच. विधानसभेत बायकांना जागा नव्हती पण चहा घ्यायचा की नाही, कापड कुठलं आणायचं हे घरात त्याच ठरवत होत्या, त्यामुळे राजकारण पहिल्यांदा थेट स्वयंपाकघरात आलं.

१७६८ मधे जॉन हॅनकॉक या श्रीमंत व्यापाऱ्याचं जहाज जकातवाल्यांनी जप्त केलं, दंगल झाली, अधिकारी जीव वाचवायला बंदरातल्या किल्ल्यात पळाले, आणि ऑक्टोबरमधे लंडनने बोस्टनमधे पलटणी उतरवल्या. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या गावात दोन हजाराच्या आसपास लाल कोटवाले शिपाई. त्यांना पगार कमी म्हणून रिकाम्या वेळात ते गावात कमी मजुरीत कामं करायचे, त्यामुळे गावातले मजूर चिडलेले. मार्च १७७० च्या सुरुवातीला दोर वळायच्या कारखान्यात मजूर आणि शिपाई यांच्यात जबरदस्त हाणामारी झाली आणि ५ मार्चच्या रात्री जकात कचेरीसमोर पहाऱ्यावरच्या एका शिपायाला जमावाने घेरलं, बर्फाचे गोळे, काठ्या, शिव्या, मदतीला आलेल्या तुकडीने गोळ्या झाडल्या आणि पाच जण मेले. त्यातला क्रिस्पस अटक्स हा आफ्रिकन आणि मूळनिवासी वंशाचा खलाशी होता. पॉल रिव्हियरने याचं चित्र छापून विकलं त्यात शिपाई शिस्तीत रांगेत उभे राहून निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडताना दाखवले, तसं ते घडलं नव्हतं, पण ते चित्र घराघरात गेलं.

मला या प्रसंगातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सने, जो स्वतः ब्रिटिश धोरणाच्या विरोधात होता आणि पुढे देशाचा दुसरा अध्यक्ष झाला. कॅप्टन आणि सहा शिपाई सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाखाली अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. आपला कायदा नीट चालतो हे बोस्टनला दाखवायचं होतं आणि त्यांनी ते दाखवलं. गंमत म्हणजे त्याच ५ मार्चला लंडनमधे नवा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ पार्लमेंटमधे सांगत होता की टाऊनशेंडच्या सगळ्या जकाती रद्द करू, फक्त चहावरची ठेवू. पौंडभर वजनाच्या चहाला तीन पेन्स. अधिकार दाखवायला एक तरी ठेवली पाहिजे म्हणून.

मग दोन-तीन वर्षं बरीच शांतता होती. पण याच शांत काळात सॅम्युअल अ‍ॅडम्स या बोस्टनच्या पुढाऱ्याने (वकील जॉन अ‍ॅडम्स वेगळा) नोव्हेंबर १७७२ मधे बोस्टनमधे पत्रव्यवहार समिती काढली. काम एकच, बाकीच्या गावांना काय चाललंय ते कळवायचं आणि त्यांचं मत मागवायचं. बघता बघता बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या गावागावात अशा समित्या झाल्या, मग व्हर्जिनियाने पुढाकार घेतला आणि वसाहती-वसाहतींमधे पण झाल्या. वाचायला कंटाळवाणं वाटतं हे, चहा फेकण्यासारखं थरारक नाही, पण माझ्या मते क्रांतीचा सांगाडा हाच.

आता चहा, आणि इथे आपला थेट संबंध येतो, कारण हा चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा. चहा आपला नव्हता हां, आसामचे मळे फार नंतरचे, हा चीनमधून आणलेला. पण कंपनी तीच जी बंगाल लुटत होती. १७७० च्या सुमारास बंगालमधे भयानक दुष्काळ पडला, लाखो माणसं अन्नावाचून मेली, तरी कंपनीने महसुलाची वसुली सोडली नाही. एवढं करूनही १७७२ मधे कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती आणि लंडनच्या गोदामात जवळपास पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चहा पडून होता, अमेरिकेत बहुतेक लोक डच तस्करीचा स्वस्त चहा पीत होते. कंपनी बुडाली असती तर भागीदार असलेले कितीतरी खासदार बुडाले असते. म्हणून १७७३ चा चहा कायदा, कंपनीने थेट अमेरिकेत ठराविक व्यापाऱ्यांमार्फत चहा विकायचा, ब्रिटनमधली जकात माफ, फक्त अमेरिकेतली तीन पेन्स चालू. परिणाम असा की चहा स्वस्त होणार होता, तस्करीच्या चहाच्या तोडीस तोड.

म्हणजे लोक चिडले ते स्वस्त चहावर! कारण त्यांना त्यात सापळा दिसला, स्वस्ताईच्या मोहाने लोक तीन पेन्स भरणार आणि भरले की अधिकार मान्य केल्यासारखं होणार. शिवाय आज चहाचा मक्ता, उद्या अजून कशाचा, मग इथल्या व्यापाऱ्यांनी काय करायचं. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने टोपणनावाने लिहिलेल्या पत्रकात तर सरळ बंगालचं उदाहरण दिलं, की या कंपनीने आशियात काय केलं बघा, पंधरा लाख माणसं एका वर्षात उपासमारीने मेली म्हणतात, आणि जमिनीने पिकवलं नाही म्हणून नाही तर कंपनीने आणि तिच्या नोकरांनी धान्य दाबून महाग केलं म्हणून, आणि आता त्यांची नजर इकडे वळली आहे. १७७३ साली फिलाडेल्फियातला माणूस बंगालच्या भुकेवर लिहीत होता, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून चहाची जहाजं परत पाठवली गेली. बोस्टनमधे हचिन्सन आता गव्हर्नर होता, त्याचे मुलगेच चहाचे अधिकृत व्यापारी, आणि त्याने जकात भरल्याशिवाय जहाज परत जाऊ देणार नाही म्हणून हट्ट धरला. वीस दिवसात जकात भरली नाही तर माल सरकारजमा होणार होता, मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबर १७७३ ला, मोठी सभा झाली आणि मग मोहॉक या मूळनिवासी जमातीच्या लोकांसारखा वेष करून काही जण तीन जहाजांवर चढले आणि ३४२ पेट्या फोडून चहा बंदरात ओतला, जवळपास ४२ टन. बाकी मालाला हात लावला नाही.

सगळ्या अमेरिकेने टाळ्या वाजवल्या असं मात्र नाही. फ्रँकलिनचं मत होतं की नुकसानभरपाई द्यावी, पुढे पहिला अध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनलाही चहाची नासाडी पटली नव्हती. ब्रिटनने जरा दम धरला असता आणि फक्त भरपाई मागितली असती तर बोस्टन एकटं पडलं असतं असं मला मनापासून वाटतं. पण १७७४ मधे लंडनने एकामागून एक कायदे काढले, भरपाई देईपर्यंत बोस्टन बंदर बंद, मॅसॅच्युसेट्सचं वरचं मंडळ आता राजा नेमणार, गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षात एकदाच, अधिकाऱ्यांवरचे खटले दुसरीकडे किंवा ब्रिटनमधे, आणि शिपायांच्या मुक्कामाची सोय वसाहतींनी करायची. गव्हर्नर म्हणून आला जनरल थॉमस गेज, म्हणजे लष्करी माणूस. ज्यांना चहा फेकणं आवडलं नव्हतं त्यांनीही विचार केला की आज मॅसॅच्युसेट्सची कारभाराची सनद फाडली तर उद्या आमची. कनेक्टिकटहून मेंढ्या आल्या, साऊथ कॅरोलिनाहून तांदूळ आला, उपाशी बंदरासाठी.

आणि आता समित्या कामाला आल्या. मॅसॅच्युसेट्सच्या खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्यांनी राजाने नेमलेली कोर्टं भरूच दिली नाहीत. ६ सप्टेंबर १७७४ ला वूस्टरमधे साडेचार हजारांहून जास्त माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली आणि कोर्टाच्या अधिकाऱ्यांना मधून टोप्या हातात घेऊन चालायला लावलं, थोड्या थोड्या अंतरावर थांबून राजीनामा परत परत मोठ्याने म्हणायला लावला. एकही गोळी उडाली नाही. त्या हिवाळ्यात बोस्टनच्या बाहेर गेजचा हुकूम जवळपास कुठेच चालत नव्हता. त्याच सप्टेंबरमधे फिलाडेल्फियाला बारा वसाहतींची पहिली काँग्रेस, म्हणजे सगळ्यांच्या प्रतिनिधींची सभा, भरली (जॉर्जिया आली नव्हती) आणि १ डिसेंबरपासून ब्रिटिश मालावर सरसकट बहिष्कार ठरला. तो पाळला जातो की नाही हे बघायला प्रत्येक गावात निवडलेली समिती. या समित्या दुकानं तपासायच्या, वह्या बघायच्या, चुकणाऱ्याचं नाव छापायच्या, मग हळूहळू मिलिशियाची (म्हणजे गावकऱ्यांच्याच हत्यारबंद पथकांची) कवायत, दारूगोळ्याची साठवण, सगळं त्यांच्याकडे. कर वसूल करणं सोडलं तर सरकार जे करतं ते सगळं, आणि काही ठिकाणी तेही, कारण वसाहतीचा कर राजाच्या खजिनदाराला न देता आपल्या खजिनदाराला द्या असं मॅसॅच्युसेट्समधे सांगितलं गेलं. यात जुलूमही झाले, राजाच्या बाजूने बोलणाऱ्यांना डांबर आणि पिसं फासून फिरवलं, छापखाने मोडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढचं जवळपास अटळ होतं. राजाने नोव्हेंबर १७७४ मधेच लिहिलं होतं की आता हाणामारीनेच ठरेल. पत्र पोहोचायला दीड-दोन महिने लागायचे, त्यामुळे लंडन नेहमी जुन्या परिस्थितीवर निर्णय घ्यायचं. कारवाई करा हा हुकूम जानेवारीत लिहिला गेला, गेजला मिळाला १४ एप्रिल १७७५ ला. १८ च्या रात्री सातशेच्या आसपास शिपाई बोस्टनजवळच्या काँकर्ड गावातला दारूगोळा जप्त करायला निघाले, रिव्हियर आणि विल्यम डॉजने घोड्यावरून पुढे जाऊन बातमी दिली, १९ ला पहाटे वाटेतल्या लेक्सिंग्टन गावच्या हिरवळीवर सत्तरेक मिलिशियावाले उभे होते. पहिली गोळी कोणी झाडली हे आजपर्यंत नक्की झालेलं नाही. आठ जण मेले. काँकर्डच्या पुलावर मात्र शिपायांना माघार घ्यावी लागली आणि बोस्टनपर्यंतच्या परतीच्या वाटेवर भिंतींमागून, झाडांमागून गोळ्या बसत राहिल्या, संध्याकाळपर्यंत ७३ ब्रिटिश ठार. काही दिवसात हजारो शेतकऱ्यांनी बोस्टनला वेढा घातला. इतक्या लवकर इतके लोक आले कसे? समित्या, आणि त्यांचे आधीच ठरवून ठेवलेले निरोपे.

पण गंमत बघा, अजूनही स्वातंत्र्य कोणी मागत नव्हतं! जून १७७५ मधे वॉशिंग्टन सेनापती झाला, बोस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईत हजारावर ब्रिटिश शिपाई ठार-जखमी झाले, आणि तरी जुलैमधे काँग्रेसने राजाला नम्र अर्ज पाठवला की तुमचे मंत्री वाईट आहेत, तुम्ही मधे पडा. राजाने तो अर्ज घेतलाच नाही आणि ऑगस्टमधे वसाहतींना बंडखोर जाहीर केलं. मग जर्मन संस्थानांकडून भाड्याचं सैन्य. नोव्हेंबरमधे व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं की बंडखोर मालकांचे गुलाम राजाच्या बाजूने लढायला आले तर मोकळे. दक्षिणेतले मळेवाले याने हादरले आणि स्वातंत्र्याकडे झुकले. अडीच दशलक्ष लोकसंख्येत दर पाचात एक माणूस गुलाम होता, आणि लंडन आम्हाला गुलाम करतंय असं लिहिणारे कितीतरी जण स्वतः माणसं विकत घेत होते. ही गोष्ट या इतिहासातून वगळून मला तो सांगता येत नाही.

जानेवारी १७७६ मधे थॉमस पेनचं ‘कॉमन सेन्स’ हे पत्रक आलं. पेन इंग्लंडहून येऊन वर्षाहून थोडंच जास्त झालेला माणूस, पूर्वी तिकडे कर वसुलीच्याच खात्यात नोकरी केलेला. तोपर्यंत सगळे पार्लमेंटला शिव्या देऊन राजाला वगळत होते, पेनने सरळ राजेशाहीवरच हल्ला केला, वंशाने राजा होणं हेच मुळात खुळेपणाचं, आणि एका बेटाने अख्ख्या खंडावर कायम राज्य करावं हे काय, असं दारूच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवता येईल अशा भाषेत लिहिलं. २ जुलैला काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव केला, ४ जुलैला जाहीरनामा मंजूर. त्यात राजाविरुद्ध २७ तक्रारी आहेत, आणि आमच्या संमतीशिवाय कर लावले ही त्यातली फक्त एक, तीही यादीत बरीच खाली.

युद्ध कसं झालं ते सविस्तर सांगत नाही, तो वेगळाच विषय आहे. न्यूयॉर्क हातचं गेलं, ऑक्टोबर १७७७ मधे साराटोगाला ब्रिटिशांची अख्खी फौज शरण आली, त्यामुळे फेब्रुवारी १७७८ मधे फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने आला. त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. फ्रेंच वकील सेंट लुबिन १७७७ मधे पुण्यात आला होता, नाना फडणविसांनी त्याला चांगलं वागवलं आणि मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध तेव्हा चालूच होतं, जानेवारी १७७९ ला वडगावला इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. ब्रिटन त्या वर्षांत एकाच वेळी अमेरिकेत, युरोपच्या समुद्रात आणि हिंदुस्थानात लढत होतं. आणि ऑक्टोबर १७८१ मधे यॉर्कटाऊनला ज्याच्या सैन्याने शस्त्रं ठेवली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला, टिपूशी लढला आणि बंगालमधे कायमधारा लावला.

पण मला सांगायचा आहे तो १७७८ चा एक कायदा. साराटोगानंतर घाबरलेल्या लॉर्ड नॉर्थने पार्लमेंटकडून मंजूर करून घेतलं की उत्पन्नासाठी वसाहतींवर कर लावायचा अधिकार आम्ही सोडतो. चहावरची जकात पण गेली. १७६५ पासून जे मागितलं ते सगळं लेखी मिळालं, घेऊन येणारं शिष्टमंडळ जूनमधे फिलाडेल्फियात पोहोचलं, आणि काँग्रेसने सांगितलं की आधी आमचं स्वातंत्र्य मान्य करा नाहीतर सैन्य परत न्या, मग बोलू. दहा वर्षांपूर्वी एवढ्यावर लोकांनी अजून एक पुतळा उभारला असता. आता गावोगाव त्यांचं स्वतःचं सरकार होतं, माणसं मेली होती, फ्रान्सशी तह झाला होता, कर हा विषयच राहिला नव्हता. युद्ध अजून पाच वर्षं चाललं, ३ सप्टेंबर १७८३ ला पॅरिसचा तह झाला. राजाशी निष्ठा ठेवणारे साठ हजाराच्या आसपास लोक देश सोडून गेले, कॅनडात, ब्रिटनमधे, वेस्ट इंडीजमधे. मूळनिवासींना तहात कोणी विचारलंच नाही, त्यांच्या जमिनी परस्पर देऊन टाकल्या.

कर मात्र संपले नाहीत. युद्धाचं कर्ज फेडायला मॅसॅच्युसेट्सच्या नव्या सरकारने स्वतःच्याच शेतकऱ्यांवर जड कर लावले, आणि १७८६ मधे तेच शेतकरी, त्यातले कितीतरी युद्धात लढलेले, परत एकदा वूस्टरचं कोर्ट बंद पाडायला जमले. या वेळी त्यांच्याविरुद्ध सगळ्यात कडक बोलणाऱ्यांत सॅम्युअल अ‍ॅडम्स होता. त्याचं म्हणणं, राजाविरुद्धच्या बंडाला माफी असू शकते, पण लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्ध बंड करणाऱ्याला मृत्युदंडच पाहिजे. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिली गेली आणि त्यात कर लावायचा अधिकार केंद्राला मिळाला, अट अशी की उत्पन्नाचं प्रत्येक विधेयक आधी त्या सभागृहात मांडायचं जिथले सदस्य थेट लोक निवडतात.